बाभळीची साल, चांदीचे नॅनोकण आणि एका वलयाची उलटतपासणी

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका महाविद्यालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आमच्याकडील एम. एस्सी.च्या दोन विद्यार्थिनींनी प्रकल्पासाठी बाभळीच्या सालीच्या काढ्यातून चांदीचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, तयार केले आणि दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स या जिवाणूवर ते तपासले. पहिल्याच प्लेटवर त्यांना क्लोरहेक्सिडीन या गुळणीतील जंतुनाशकापेक्षा मोठे निरोधवलय, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबलेले गोल क्षेत्र, मिळाले. प्रयोगशाळेत ज्याला आम्ही सरसकट ‘झोन’ म्हणतो, ते हे वलय इतके स्वच्छ आणि गोल होते की त्याचा अर्थ लावण्याची कोणालाच गरज वाटली नाही. प्रयोगवहीत त्या पानाखाली माझी सही आहे. वलय नॅनोकणांमुळेच पडले, हा आम्ही गृहीत धरलेला अर्थ चुकीचा होता. चूक कशी झाली, कशी लक्षात आली आणि दुरुस्तीनंतर हाती काय राहिले, हे या प्रकरणात क्रमाने नोंदवले आहे.

विषय निवडण्यामागे एक घरगुती कारण होते. दोघींपैकी एकीची आजी लालबागच्या चाळीत राहते. तरुणपणी ती मिशरी लावत असे, म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूची पूड बोटाने दातांना आणि हिरड्यांना चोळत असे. गिरणगावातील त्या पिढीच्या कितीतरी बायकांना ही सवय होती. पुढे गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा दिसू लागला, डॉक्टरांनी मिशरी बंद करायला लावली आणि तिच्या जागी बाभळीच्या सालीचे दंतमंजन आले. ‘आजीच्या हिरड्यांतून आता रक्त येत नाही, म्हणजे सालीत काहीतरी असणार,’ हे विद्यार्थिनीचे मूळ गृहीतक. मिशरी सुटल्याचा त्यात किती वाटा आणि सालीचा किती, हे एका आजीवरून सांगता येत नाही. पण संशोधनाचे प्रश्न पुष्कळदा घरातूनच येतात आणि त्यात गैर काही नाही.

दुसरे कारण जरा व्यावहारिक होते. त्याच विद्यार्थिनीच्या मामांच्या ओळखीचे एक गृहस्थ भिवंडीकडे लहान प्रमाणावर दंतमंजन तयार करतात. ‘नॅनो’ हा शब्द त्यांनी कुठेतरी वाचला होता आणि आपल्या पाकिटावर तो छापता येईल का, असे त्यांनी विचारले होते. प्रयोग यशस्वी झाला तर माल तयार, अशी त्यांची साधी समजूत होती. या समजुतीमुळे आमच्या चुकीला प्रयोगवहीपलीकडे जाण्याची वाट मिळणार होती, म्हणून तिचा उल्लेख करणे आवश्यक आहे.

साल मिळवणे वाटले तितके सोपे नव्हते. दादरच्या बाजारातील काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेली पूड बाभळीचीच आहे, हे सिद्ध करायचे कसे? पुडीवरून झाड ओळखणे फार अवघड असते, आणि बाभूळ व वेडी बाभूळ यांत लोक सर्रास गल्लत करतात. शेवटी सिन्नरजवळच्या गावाहून सालीबरोबर काटे, पाने, पिवळी फुले आणि मण्यांच्या माळेसारख्या दिसणाऱ्या शेंगा असलेली फांदी आणली आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियममध्ये ती ओळखून घेतली. त्यात जुलै उजाडला. वर्तमानपत्रावर पसरून ठेवलेल्या सालीच्या पहिल्या खेपेला मुंबईच्या हवेत चार दिवसांत हिरवट बुरशी आली आणि ती खेप टाकून द्यावी लागली. दुसरी खेप ओव्हनमध्ये मंद तापमानावर वाळवली.

कण तयार करण्याची कृती आता इतकी रूढ झाली आहे की पदवीचे विद्यार्थीही ती करतात. 10 ग्रॅम सालीची पूड 100 मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात उकळून गाळून घेतली. सिल्व्हर नायट्रेटचे 1 मिलिमोलर द्रावण, म्हणजे लिटरभर पाण्यात सुमारे 170 मिलिग्रॅम क्षार, तयार केले. नऊ भाग द्रावणात एक भाग काढा मिसळून फ्लास्क फॉईलमध्ये गुंडाळून ठेवला. सालीतील टॅनिन आणि इतर पॉलिफेनॉल चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, आयनांचे धातूत रूपांतर होते, आणि तेच रेणू नव्याने बनलेल्या कणांभोवती चिकटून त्यांना एकमेकांत गोळा होऊ देत नाहीत. तासाभरात फिकट द्रव कोऱ्या चहासारखा झाला. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 430 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषणाचे शिखर मिळाले, जे चांदीच्या नॅनोकणांत अपेक्षितच असते. रंग बदलला, शिखर आले, तेव्हा ‘कण झाले’ असे वहीत लिहिले गेले. ते खरेही होते. मात्र घातलेल्या सर्व चांदीचे कण झाले का, हा प्रश्न त्या शिखराला विचारताच येत नाही, आणि तो आम्ही दुसऱ्या कोणत्याही मार्गाने विचारला नाही.

जिवाणूविषयी थोडे सांगणे भाग आहे. किडलेल्या दातांतून तो 1924 साली जे. किलियन क्लार्क यांनी वेगळा केला. तो कधी गोल, कधी लांबट दिसे, म्हणून त्यांना तो बदललेला प्रकार वाटला आणि नाव ‘म्यूटन्स’ पडले. याचा उपद्रव दुहेरी आहे. साखर खाऊन तो आम्ल तयार करतो, आणि दाताच्या पृष्ठभागावर पीएच सुमारे 5.5 च्या खाली गेला की एनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. शिवाय साध्या साखरेपासूनच तो ग्लुकन नावाचा चिकट पदार्थ बनवतो आणि त्याच्या आधाराने दातावर थर रचतो. सकाळी जिभेला दातांवर जाणवणारा बुळबुळीत लेप ही याच्यासारख्या अनेक जिवाणूंची एकत्र वसाहत असते. अशा थरातील जिवाणू मोकळ्या पाण्यातील जिवाणूंपेक्षा औषधांना कितीतरी पटींनी कमी दाद देतात. प्लेटवर पसरलेल्या जिवाणूंना मारणे आणि दातावर बसलेल्यांना हलवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

चंडीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून या जिवाणूचा 890 क्रमांकाचा वाण मागवला होता. त्याच्या प्लेटमधील अगारमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या थरात, चार वेल (लहान गोल खड्डे) पाडले: एकात तपकिरी मिश्रण, दुसऱ्यात नुसता काढा, तिसऱ्यात 0.2 टक्के क्लोरहेक्सिडीन, चौथ्यात डिस्टिल्ड पाणी. प्लेट मेणबत्तीच्या जारमध्ये घालून 37 अंशांवर ठेवली. दुसऱ्या दिवशी काढ्याभोवती आणि पाण्याभोवती काही नव्हते, क्लोरहेक्सिडीनभोवती चांगले वलय होते आणि तपकिरी मिश्रणाभोवती त्याहून मोठे. दोघींनी प्लेट खिडकीसमोर धरून मोबाईलवर फोटो काढला. ‘आविष्कार’ या विद्यार्थ्यांच्या संशोधन स्पर्धेच्या पोस्टरवर मध्यभागी हाच फोटो जायचा, हे तिथेच ठरले. त्याच संध्याकाळी तो भिवंडीलाही पोहोचला होता, हे मला नंतर कळले.

चूक पकडली ती आमच्यापैकी कोणी नव्हे, तर काचसामान धुणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेतील मामांनी. उरलेले तपकिरी मिश्रण सिंकमध्ये ओतून त्यांनी फ्लास्कमध्ये नळाचे पाणी भरले आणि मला हाक मारली, “मॅडम, हे बघा, चहात दूध पडल्यासारखं झालंय. असंच असतं का?” फ्लास्कच्या तळाशी राहिलेल्या तपकिरी द्रवात खरोखर दुधाळ वळ्या फिरत होत्या. मुंबईच्या नळाला येणारे भातसा-वैतरणेचे पाणी निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन मिसळून येते आणि त्यात क्लोराईड असतेच. क्लोराईड आणि चांदीचे आयन भेटले की सिल्व्हर क्लोराईडचा पांढरा साका पडतो, हे अकरावीच्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये प्रत्येकाने केलेले असते. म्हणजे फ्लास्कमध्ये धातू न झालेली, आयनरूप चांदी अजून शिल्लक होती. सिल्व्हर नायट्रेट हे जंतुनाशक म्हणून शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. पर्सी हाऊ यांनी 1917 मध्ये त्याचे अमोनियायुक्त द्रावण किडलेल्या दातांवर लावण्याची पद्धत रूढ केली होती. चार वेलच्या आमच्या प्लेटवर नुसत्या सिल्व्हर नायट्रेटचा वेल नव्हता. तो का नाही, हे विचारणे मार्गदर्शक म्हणून माझे काम होते.

तरीही दुधाळपणावरून थेट निष्कर्ष काढणे योग्य झाले नसते. क्षारांमुळे नॅनोकण एकमेकांना चिकटून गढूळ दिसू शकतात, टॅनिनही साका धरू शकते. म्हणून नव्या खेपेतील मिश्रण मिनिटाला 12,000 फेऱ्यांवर वीस मिनिटे सेंट्रिफ्यूज केले. कण तळाशी बसले, वरचे द्रव फिकट पिवळे राहिले. ते वेगळ्या नळीत घेऊन त्यात मिठाच्या पाण्याचे चार थेंब सोडले. पहिला थेंब पडला त्या जागी पांढरा ढग उठला आणि हळूहळू खाली उतरला. अमोनिया घातल्यावर तो विरघळला, नायट्रिक आम्ल घातल्यावर पुन्हा आला. ही सिल्व्हर क्लोराईडची ठरलेली ओळख आहे. दोघींपैकी एक ती नळी हातात धरून बराच वेळ काही बोलली नाही, दुसरीने मात्र लगेच विचारले, “मॅडम, फोटो कुणाकुणाला पाठवलाय त्यांना कळवू का?” मला तो प्रश्न आवडला.

कारणही पुढे उलगडले. बाभळीचा काढा आम्लधर्मी असतो, आणि पॉलिफेनॉलची इलेक्ट्रॉन देण्याची क्षमता आम्लात मंदावते. रंग तासाभरात आला म्हणून आम्ही प्रक्रिया पूर्ण झाली असे मानले होते, पण थोड्याशा कणांनीही द्रव गडद दिसतो. डोळ्याला चहा दिसला म्हणजे सगळी पत्ती उतरली असे नाही.

दुसऱ्या प्लेटवर वेल वाढवले: मूळ मिश्रण, सेंट्रिफ्यूजनंतरचे वरचे द्रव, डिस्टिल्ड पाण्याने तीन वेळा धुतलेले कण, त्याच तीव्रतेचे सिल्व्हर नायट्रेट, काढा आणि क्लोरहेक्सिडीन. सिल्व्हर नायट्रेटचे वलय सर्वांत मोठे आले. वरच्या द्रवाचे वलय मूळ मिश्रणाच्या जवळपास बरोबरीचे होते. धुतलेल्या कणांभोवती वेलच्या काठाला लागून जेमतेम एक कड स्वच्छ दिसत होती. पोस्टरच्या मध्यभागी जाणार असलेले वलय उरलेल्या क्षाराचे होते.

येथे उलट दिशेने घसरण्याचा धोका होता, आणि विद्यार्थिनी तशा घसरल्याही. ‘म्हणजे नॅनोकण निरुपयोगी,’ असे त्यांनी वहीत लिहून टाकले. परंतु वेलची ही पद्धत पाण्यात विरघळून अगारमधून सहज पसरणाऱ्या पदार्थांसाठी सोयीची आहे. अगारच्या जाळीतून आयन धावतात, कण मात्र जागच्या जागी राहतात. त्यामुळे कणांचे वलय लहान येणे हे त्यांच्या दुर्बलतेइतकेच पद्धतीच्या मर्यादेचेही लक्षण असू शकते. धुतलेले कण द्रव माध्यमात, 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये, क्रमाने विरळ करत तपासले. कणांचा स्वतःचा रंग गढूळपणाच्या मापात ढवळाढवळ करतो, म्हणून प्रत्येक खळग्यातील थेंब नव्या अगारवर लावून वाढ मोजली. वरच्या काही तीव्रतांना वाढ पूर्ण थांबली होती. कण काम करतात, पण ते प्रामुख्याने हळूहळू आयन सोडत राहून. ते आयन जिवाणूच्या आवरणाला आणि प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना धरतात. नॅनोकण म्हणजे निराळा पदार्थ नव्हे, तर त्याच चांदीची सावकाश रिकामी होणारी कोठी, असे मी वर्गात सांगू लागले ते या प्रयोगानंतर.

मग बाभळीचे काय? प्लेटवर काढ्याने शून्य गुण मिळवले होते आणि पोस्टरच्या पहिल्या मसुद्यात त्याचा उल्लेख ‘निष्क्रिय’ असा होता. या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकवणारा भाग हाच ठरला. निरोधवलय एकाच गोष्टीचे उत्तर देते: वाढ थांबली की नाही. जिवाणू जिवंत राहून चिकटायचा थांबला, तर वलय पडत नाही. खळग्यांत साखर घालून जिवाणू चोवीस तास वाढवले, हलकेच धुतले आणि तळाला चिकटलेला थर क्रिस्टल व्हायोलेटने रंगवला. नुसत्या माध्यमातील खळगे गर्द जांभळे झाले. काढा असलेल्यांचा तळ फिकट होता, काहींत तर कागदावरील अक्षरे आरपार दिसत होती, आणि तरीही त्या खळग्यांतील तरंगते जिवाणू जिवंत होते. टॅनिन प्रथिनांना बांधते, त्यात ग्लुकन बनवणारे एन्झाइमही आले. साखरेपासून चिकटा तयार करणारे हे यंत्रच अडले की थर रचला जात नाही. टॅनिन रंगद्रव्याशीही अडथळा आणू शकते अशी शंका असल्याने थर खरवडून त्यातील जिवाणूही मोजले. कल तोच राहिला.

मात्र प्रयोगशाळेतील खळगा आणि तोंड यांच्यामध्ये लाळ असते. बाभळीची काडी चावल्यावर तोंड तुरट होते, म्हणजे नेमके काय होते? टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधून त्यांचा साका करते आणि जिभेवरील वंगण नाहीसे होते. तुरटपणा ही टॅनिन खर्ची पडत असल्याची जाणीव आहे. जे टॅनिन लाळेच्या प्रथिनांवर संपले ते जिवाणूच्या एन्झाइमपर्यंत पोहोचणार नाही. चांदीची अडचण तर मामांच्या फ्लास्कमध्येच दिसली होती, कारण लाळेतही क्लोराईड असते. विद्यार्थिनीने उत्साहाने स्वतःचीच लाळ नळीत घेण्याची तयारी केली होती. लाळ असली तरी तो मानवी नमुना आहे, त्यासाठी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, असे सांगून मी ते थांबवले. तोवर क्षार आणि म्यूसिन हे लाळेतील बुळबुळीत प्रथिन घातलेली कृत्रिम लाळ वापरली. तिच्यात सिल्व्हर नायट्रेटचा बराचसा जोर ओसरला, आणि धुतलेले कणही तपकिरीचे करडे होऊन तळाशी बसू लागले.

शिवाय वेळेचा प्रश्न आहे. प्लेटवर औषध आणि जिवाणू चोवीस तास एकत्र नांदतात. गुळणी अर्धा-एक मिनिट तोंडात राहते. म्हणून एक मिनिटाचा संपर्क देऊन पुढचा परिणाम थांबवण्यासाठी चांदीच्या नळ्यांत थायोसल्फेट आणि क्लोरहेक्सिडीनच्या नळ्यांत लेसिथिन-ट्वीन घातले. एका मिनिटात आमच्या कणांनी फारसे काही साधले नाही. क्लोरहेक्सिडीनचे महत्त्व येथे कळते: ते दातांना आणि तोंडाच्या आवरणाला चिकटून कित्येक तास टिकते. अर्थात त्याचीही किंमत असते. दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते, म्हणून दंतवैद्य ते सहसा थोड्या आठवड्यांसाठीच देतात. चांदीलाही रंगाचा शाप आहे. लहान मुलांची कीड थोपवण्यासाठी वापरले जाणारे 38 टक्क्यांचे सिल्व्हर डायमाइन फ्लोराईड उत्तम काम करते, पण किडलेला भाग कायमचा काळा करते. मिठाईवरच्या वर्खासारखी चकाकी इथे मिळत नाही.

भिवंडीच्या गृहस्थांशी मी स्वतः बोलले. आयुर्वेदिक प्रोप्रायटरी औषधाचे घटक 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने मान्य केलेल्या ग्रंथांतील असावे लागतात. रौप्यभस्म त्या परंपरेत आहे, सिल्व्हर नायट्रेटपासून केलेले नॅनोकण नाहीत. नॅनो औषधांच्या मूल्यमापनासाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2019 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत, आणि त्यांतील अपेक्षा एका प्लेटच्या फोटोने पुऱ्या होत नाहीत. दंतमंजन रोज दोन वेळा, वर्षानुवर्षे वापरले जाते, थोडे गिळलेही जाते. शरीरात साठत गेलेली चांदी त्वचेला कायमची निळसर-करडी छटा देऊ शकते. एवढे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “मॅडम, मग चांदी राहू द्या. नुसती साल चालेल ना?” मी त्यांना सांगितले की प्लास्टिकच्या खळग्यात ती चालली आहे, लाळेत अजून नाही, आणि पूड जाडीभरडी असेल तर हिरडी सोलवटते, म्हणून ती वस्त्रगाळ तरी करा. फोटो पाकिटावर छापणार नाही, असे त्यांनी कबूल केले.

‘आविष्कार’च्या पोस्टरवर दोन्ही प्लेट शेजारीशेजारी लावल्या, पहिल्या प्लेटवर नसलेल्या वेलची जागा तुटक वर्तुळाने दाखवली. शीर्षकातून ‘प्रभावी’ हा शब्द काढावा की नाही, यावर दोघींचे तब्बल दोन दिवस भांडण चालले होते. शेवटी तो काढला. कण बनवण्याच्या कृतीत काढ्याचा पीएच वाढवून 8 पर्यंत नेला, मिश्रण रात्रभर ठेवले, आणि प्रत्येक खेपेच्या नोंदीत एक नवा रकाना घातला: ‘मीठ-थेंब’. शेवटच्या तीन खेपांसमोर त्या रकान्यात ‘स्वच्छ’ असे लिहिलेले आहे. लाळेच्या प्रयोगासाठीचा अर्ज नैतिकता समितीपुढे आहे.